वाळूची टेकडी कुणी पाडली?

जमलेल्या समद्या बाया-माणसांनो,

शोभाच्या फोटोला मी आत्ता हार घातला. दुःखानं न्हाई, रागानं. धड बोलता येईल का न्हाई, ठावं न्हाई. तरी बोलणार.

शोभा माझी धाकटी जाऊ. कोकणातली, ऐन समुद्रकाठची. लगीन होऊन आपल्या ह्या उसाच्या गावात आली, पण दर उन्हाळ्यात म्हायेरी जायची. एकदा मलाबी घेऊन गेली. तिच्या आईच्या घराम्होरं वाळूची टेकडी हुती. मी म्हटलं, "शोभा, एवढी वाळू कुणी गं ओतली?"

हसली. म्हणाली, "वाऱ्यानं, अक्का. कोरडी वाळू उडत येती, ह्या मर्यादवेलीत अडकती. वेल पुरली जाती, पुन्ना वर येती, पुन्ना वाळू धरती. पावसाळ्यात समुद्र खवळला की टेकडी ढासळती, पण लाटांचा जोर तिथंच मोडतो. पाऊस सरला की लाटा वाळू काठाला आणून टाकत्यात, वारा ती परत वर चढवतो."

टेकडी हुती म्हणून घर हुतं. कळलं का?

आन ती पाडली कुणी? समुद्रानं? न्हाई. आपल्याच गावच्या माणसांनी! तिच्या आईच्या घराशेजारची जागा घेतली, पर्यटकांसाठी खोल्या बांधायला. खोलीतनं समुद्र दिसंना, म्हणून जेसीबी लावला. त्यात आमचं मालकबी हुतं. हितंच बसल्यात, पयल्या रांगंत. शोभा मशीनम्होरं उभी ऱ्हायली, तर ह्यांनी, थोरल्या दिरानं, तिला हाताला धरून बाजूला केलं. म्हणं, "वाळूच हाय, परत येईल." ती वरडली, "वेलच उपटली, भावजी! आता वाळू थांबंल कशाच्या आधारानं?"

ह्या पावसाळ्यात वादळ आलं. शोभा आईला आणाया गेली हुती. टेकडी पाडली तिथनंच पाणी आत घुसलं. तिनं आईला माळ्यावर चढवलं. सोता चढायच्या आत म्होरली भिंत तिच्या अंगावर आली.

आई वाचली. ही बघा, माझ्याजवळ बसली हाय. तिच्या देखत मघाशी कोण म्हणालं, "दैवात हुतं"? दैव जेसीबी चालवतं व्हय?

आवं, मी तुमालाच इचारती. काल फोनवर म्हणत हुता, "आता सिमेंटची भिंत घालू." भिंत न्हाई घालायची. खोल्या न्हाई बांधायच्या. पाऊस उघडला की मी ह्या माउलीसंगं तिथं वेल लावाया जाणार. वाळू साठाया वर्षं लागत्याल. लागू द्यात. मशीन आलं तर आमी दोघी आडव्या पडू.

आता उभं ऱ्हावा समदी. खाली बघू नका, तिच्या डोळ्यांकडं बघा, आन गप ऱ्हावा.

शोभा, मी थोरली. रीत न्हाई. तरी तुझ्या पाया पडती.