पिकअप एक हवा की दोन?

हे कुणाला सांगू नकोस, असं आईनं बजावलंय. पण तुम्ही बाबांसमोर हसणार नाही, म्हणून सांगते.

मला वर्षभरापासून बेस गिटार हवी आहे. गाण्यात ती कानांपेक्षा छातीत जास्त ऐकू येते. बाबांसमोर मी हे कधी बोलले नाही. व्हिडिओ बघते आणि वहीत लिहून ठेवते: तारा चार की पाच, आवाज जाड करायला कोणतं पेडल. तारांखाली चुंबकाची पट्टी असते, ती आवाज पकडते. तिला पिकअप म्हणतात.

बाबांचा पिकअप टेम्पो मानकोलीच्या गोदामांवर चालतो. परवा त्यांना माझी वही उघडी दिसली. वर लिहिलं होतं, 'पिकअप एक हवा की दोन?'

"दोन कशाला? आधी एक घेऊ," बाबा म्हणाले. "तुला धंद्यात यायचं हाय, तर बोलायचं न्हाय का गो?"

इतके खूश बाबा मी कधी पाहिले नव्हते. माझ्या तोंडून 'नाही' निघेना.

"सेकंडहँड चालंल ना?"

मी मान हलवली. गिटारही मी सेकंडहँडच बघत होते.

तेव्हापासून ते सगळ्यांना सांगत सुटलेत आणि मी रात्री उशीवरच बोटं वाजवते. आज मात्र सरळ सांगणार आहे, की बाबा, माझा पिकअप बोटाएवढा असतो, आणि त्याच्यावरून चार तारा...

"पोरी, खाली ये लवकर! तुझा पिकअप आलाय!"