येतो म्हणून

पलूसच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीसाठी रांग होती. माझ्यापुढे एक तरुण आणि त्याची आत्या उभे होते.

"बाहुबली, जर्मनीच्या त्या घरमालकिणीनं काय लिवलंय?"

"निघताना मी तिला तिच्या भाषेत 'येतो' म्हणालो, आत्ती. तवापास्नं म्हातारी दर रविवारी माझं ताट मांडून बसती."

"सहा म्हैने परदेशात ह्येच शिकलास? 'जातो' म्हणायला जीभ झडली असती?"

"'जातो' म्हणू नये, हे तूच शिकवलंस."

"आमाला कळतंय रं, तिला कसं कळणार? येणार न्हाई म्हणून कळीव आधी."

"मुंबईत नोकरीवर हजर झालो की लिवतो."

"व्हय, सायेब. लय कामं तुमाला."

"गाडी लागली. बरं आत्ती, येतो."

"कवा?"