अविनाशच्या नावाचा करंडक नको

मंडळी, मागे उभे आहात ते पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत. आपल्या मंडळाचा चारचा कार्यक्रम साडेपाचला सुरू होतो. आज चारला पार्किंग भरलेलं होतं. चला, एवढं तरी केलंत.

मला बोलता येत नाही असं मी म्हणणार नाही. मी प्रकाश, प्रोजेक्ट मॅनेजर आहे, दिवसभर बोलतो, त्याचाच पगार घेतो. पण आज तोंड उघडायला जड जातंय. अविनाशला जाऊन बारा दिवस झाले. सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि गाडीतच गेला. सत्तेचाळिसाव्या वर्षी. वैशाली वहिनी समोर बसल्यात, त्यांची मुलगी मुक्ता शेजारी आहे. त्यांच्याकडे बघून बोलायची माझी हिंमत नाही, म्हणून मी तुमच्याकडे बघून बोलतो.

माझ्या आधी चौघं बोलले. अविनाशला मुलांची किती आवड, त्याने इथे अमेरिकेत, आपल्या कॅरी गावातल्या मुलांना बेसबॉलची गोडी कशी लावली, सगळं छान सांगितलं. मग अध्यक्षांनी जाहीर केलं की मंडळाच्या समर टूर्नामेंटला आता अविनाशचं नाव द्यायचं. स्मृती करंडक. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या की नाही हे तुम्हाला कळेना. तरी काहींनी वाजवल्याच. मी त्या करंडकाबद्दल बोलायला उभा आहे. कडू बोलेन. नागपूरचा माणूस आहे, मला साखरपेरणी जमत नाही.

नवीन आलेल्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात मुक्ता सात वर्षांची होती. टाउनच्या लीगमध्ये तिचं नाव घातलं होतं. सगळा सीझन ती बेंचवर बसली. अविनाश नाशिकचा, आयुष्यात कधी बेसबॉल बघितलेला नाही. तो मला म्हणाला, "अरे, खेळायला नेलं आणि बसवून ठेवलं. मग आपल्या अंगणात काय वाईट आहे?"

आणि त्याने अंगणात मांडलं. चार चार जणांच्या टीम. भोकांचा प्लास्टिकचा बॉल, पिवळी प्लास्टिकची बॅट. बेस म्हणून वहिनींची जुनी पायपुसणी. बॉल कुंपणाबाहेर गेला की होमरन. शेजारच्या आजीच्या टोमॅटोत गेला की आउट, आणि ज्याने मारला त्यानेच जाऊन तिला सॉरी म्हणायचं. बेंच नाहीच. प्रत्येक इनिंगला चौघांनाही बॅटिंग. आणि टीम कशा पाडायच्या? चिठ्ठ्या टाकून. सकाळी स्टीलच्या डब्यात सगळ्यांची नावं टाकायची, सगळ्यात लहान मुलाने काढायची. आईबापांनी डेकवर, त्या मागच्या लाकडी ओट्यावर, बसून पोहे खायचे आणि गप्प राहायचं. हा शेवटचा नियम आपल्याला एकदाही पाळता आला नाही.

तीन उन्हाळे छान गेले. मुलं भांडली, रडली, टोमॅटो फुटले. माझा ओंकार दोनदा हरला आणि तरीही पुढच्या वर्षी कधी आहे म्हणून विचारत राहिला. पण आपल्याला ते बघवेना. आपण कोण? सगळे बोर्डात आलेले, आयआयटीवाले, गोल्ड मेडलवाले. चिठ्ठी टाकून टीम? मग स्ट्रॉंग मुलं एकीकडे आणि वीक एकीकडे झाली तर? हे फेअर आहे का? डेकवर पोहे खाता खाता आपण हेच बोलायचो. आठवतंय का कोणाला? आता माना खाली घालू नका. मीही तिथेच होतो, सगळ्यात मोठा आवाज माझाच होता.

दोन हजार पाच. मी म्हटलं, अविनाशला सरप्राइज देऊ, टीम एकदम बॅलन्स करून देऊ. आम्ही चार बाप बसलो आणि एक्सेल शीट केली. सोळा मुलं. बॅटिंग, थ्रोइंग, कॅचिंग. दहापैकी मार्क. शेवटी शेऱ्याचा कॉलम. शीट मी केली, मार्क बहुतेक मी दिले. ओंकारला नऊ दिले. मुक्ताला दोन. शेरा लिहिला, "हिला स्ट्रॉंग टीममध्ये टाका, नाहीतर टीम बुडेल."

आणि ती शीट त्या तिघांना पाठवायच्या ऐवजी मी मंडळाच्या सगळ्या ग्रुपला पाठवली. पोहे कोण आणणार, त्या मेलला रिप्लाय करून. नव्वद घरांत गेली. तेव्हा आपल्या घरोघरी एकच कम्प्युटर, फॅमिली रूममध्ये, आणि सगळ्या घराचा एकच ईमेल. बाबाला पोह्यांची यादी प्रिंट करून द्यायला ती मेल मुक्ताने उघडली. दहा वर्षांची होती.

दुसऱ्या दिवशी अविनाश माझ्या घरी आला. मला वाटलं, आता हा शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शीटचा छापलेला कागद घेऊन तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि म्हणाला, "प्रकाश, दोन का दिलेस, एवढंच समजावून सांग."

आणि मंडळी, मी समजावून सांगितलं. लाज वाटते सांगायला. दहा मिनिटं, कागदावर बोट ठेवून. तिची बॅट उशिरा फिरते. बॉल आला की ती डोळे मिटते. थ्रो पोचत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरोबर आहे. हे सगळं तिला माहीत होतं रे. तरी ती खेळत होती."

चहा न घेता गेला. पुन्हा माझ्या घरी आला नाही. भेटला की हसून बोलायचा, दिवाळीला फराळ पाठवायचा. घरी मात्र आला नाही.

त्या शनिवारी अविनाशच्या अंगणात सोळापैकी सहा मुलं आली. सगळी आठ-नऊ मार्कवाली. आणि ती एकमेकांना नंबराने हाका मारत होती. "हे, यू आर ओन्ली ॲन एट." माझा मुलगा म्हणत होता हे. मुक्ता वर खोलीत होती, पडदा ओढलेला. अविनाशने त्या सहा जणांना खेळवलं, पोहे दिले, दुपारी पायपुसणी झटकून घरात नेली. पुढच्या वर्षी त्याने टूर्नामेंट घेतली नाही.

आपण काय म्हणालो? "अविनाशने जरा जास्तच मनावर घेतलं." म्हणालो की नाही? आणि लगेच काउंटीच्या पार्कमध्ये आपली टूर्नामेंट सुरू केली. जर्सी आल्या, ट्रायआउट आले, सिलेक्शन कमिटी आली. कमिटीत मी. ट्रायआउट झाले की न निवडलेली दहा-बारा मुलं घरी जातात. त्यांच्या आया गाडीत त्यांची समजूत घालतात. हे ज्याला बघवलं नाही म्हणून ज्याने अंगणात खेळ मांडला, त्याचं नाव तुम्ही या करंडकावर घालणार? अहो, जिवंतपणी त्याला एक फोन केला नाहीत, साधा सॉरीचा. आता तो नको म्हणायला नाही, म्हणून नाव घालता?

हे मी माझ्या मनाचं बोलत नाही. करंडकाचं वहिनींच्या कानावर परवाच आलं होतं. काल त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "प्रकाश, उद्या तुम्ही बोला आणि त्यांना नको म्हणून सांगा." मी म्हटलं, वहिनी, मी? दुसरं कोणीही चालेल, मी कशाला? तर म्हणाल्या, "तुमचं ऐकतील. तुम्ही त्यांच्यातलेच आहात."

बरोबर बोलल्या. म्हणून सांगतो, अविनाशचं नाव तुमच्या करंडकावर येणार नाही. आजच्या आज मागे घ्या. यावर मीटिंग नको, मेल नको, मतदान तर नकोच.

अजून एक. हे वहिनींनी सांगितलेलं नाही, माझं आहे. दोन वर्षांत मी मुक्ताची माफी मागितली नव्हती. लहान आहे, विसरली असेल, असं स्वतःला सांगत राहिलो. आज सभा सुरू व्हायच्या आधी तिकडे बाहेर तिला गाठलं. म्हटलं, बेटा, त्या शीटबद्दल आय ॲम सॉरी. तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा बाप जाऊन बारा दिवस झालेत, आणि तीच माझी समजूत घालायला लागली. म्हणाली, "इट्स ओके, काका. यू वर राइट."

ऐकलंत? मी बरोबर होतो म्हणे. बारा वर्षांच्या त्या मुलीला अजून तसंच वाटतं. तीन उन्हाळे तिच्या बापाने जे तिच्या मनातून काढत आणलं होतं, ते मी एका मेलने परत घातलं. आणि आता ते काढायला तो नाही.

मला आणखी बोलवत नाही. सगळे उभे राहा. अविनाशसाठी शांत उभं राहायचंय. दोन मिनिटं वगैरे नाही, कोणी घड्याळ बघू नका. वहिनी बसतील तेव्हा आपण बसायचं.