परीक्षेपुरतं बिऱ्हाड

(दिंद्रुडजवळच्या एका गावात, १९९७ची दिवाळी सरल्यावर. कल्याणरावांच्या किराणा दुकानासमोर अर्धा भरलेला टेम्पो.)

कल्याणराव : साखराबाई, दुकान बंद केलं. आता काई मागू नका.

साखराबाई : सामान न्हाई मागत, अप्पा. अक्काकडं आलेय. नीलाअक्का, माझी सायली ठिवून घ्या.

नीलाबाई : किती दिस?

साखराबाई : मार्चात धाव्वीची परीक्षा हाय, तवर. आमची गाडी दुपारी ऊसतोडीला निघती. संगं नेली की फडावर भाकरी थापायची, धाकट्याला सांभाळायचं. गेल्या साली मास्तरांनी संभाळून घेतलं. धाव्वीला कोण घेतंय?

कल्याणराव : पण आमीच लातूरला चाललो. मेव्हण्याच्या एसटीडी बूथवर बसणार. इथं गिऱ्हाईकच ऱ्हायलं न्हाई.

साखराबाई : तुमी बी?

कल्याणराव : गाव रिकामं झाल्यावर काय करू?

साखराबाई : पैले चार घरं जायची, अप्पा. आता पाऊसच इमानाचा ऱ्हायला न्हाई. मिरगात पेरलं ते करपलं. उरलं ते एका दिसाच्या पान्यात वाहून गेलं. औंदा बागाईतवाले बी कोयता घेऊन निघालेत.

नीलाबाई : आपण लातूरला नेऊ तिला.

कल्याणराव : फॉर्म इथल्या शाळेतून भरलाय. तिथं नेऊन काय फायदा?

साखराबाई : जाऊ द्या, अक्का. उगं तुमाला घोर.

नीलाबाई : बसा जरा. अहो, माझी पेटी खाली घ्या.

कल्याणराव : कावून? पाण्याचा टँकर दर चौथ्या दिवशी येतो. दोघी बायका ऱ्हाणार कशा?

नीलाबाई : म्हातारी माणसं हायतच की गावात. त्यांना मीठ-मिरची कुणी द्यायची? थोडा माल ठेवा, मी विकीन.

कल्याणराव : लोकं म्हणतील, नवराबायकोचं बिनसलं.

नीलाबाई : म्हणू द्या. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या वडलांनी बिऱ्हाड हलवलं, तवा मी सातवीत होते. पाऊस परत आला, माझी शाळा न्हाई आली. परीक्षा झाली की मी लातूरला येते.

साखराबाई : अक्का, तुमच्या घरी पूजाअर्चा. आमी मटण खाणारी माणसं.

नीलाबाई : घरात शिजंल ते ती खाईल. तिला बोलवा, दुपार व्हायला आली.

साखराबाई : झोपेत बडबडती ती. दचकू नका.

नीलाबाई : न्हाई दचकत. अहो, तुमी निघा, उशीर व्हतोय.

कल्याणराव : उद्या टँकरचा दिवस हाय. तुमा दोघींसाठी घरातले दोन्ही बॅरल भरून देतो, मंग निघतो.