चार घड्याळांचे सेल

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात मला.

ओमानमधल्या सोहारच्या कामगार कॅम्पमधले सावंतकाका कायमचे गावी निघाले होते. सगळ्यांसोबतचा एक फोटो त्यांना घरी फ्रेम करून लावायचा होता, म्हणून फोटो काढायला मला बोलावलं. फ्लॅशसाठी मी चार्जिंगचे सेल घेतले. दुकानदार म्हणाला होता, "सेलवर एमएएचचा आकडा असतो, तो कमी असलेले घे, चार्ज टिकतो." मी जास्त ताकदीचे म्हणून मोठ्या आकड्याचे घेतले, आठवडाभर आधी चार्ज केले आणि तापलेल्या गाडीतच ठेवले.

संध्याकाळी तीस माणसं रांगेत उभी राहिली आणि फ्लॅश पेटेना. काकांची गाडी तासाभरात एअरपोर्टला निघणार होती. मी सेल काढून पुन्हा घातले, तरी काही नाही.

काका म्हणाले, "यल्ला, चला, खोल्यांतली घड्याळं उतरवा रे."

चार घड्याळांतून चार सेल निघाले. फ्लॅश एकदाच पेटला, पण फोटो मिळाला.

"काका, सगळी घड्याळं बंद पडली," मी म्हणालो.

"पडू देत. वीस वर्षं त्यांनीच पळवलंय मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवे सेल घेऊन गेलो आणि तीन घड्याळं चालू केली. काकांच्या खोलीत त्यांचा सोबती म्हणाला, "हे आजचा दिवस बंदच राहू दे."

मी सेल घड्याळाखाली ठेवून आलो.