संजयच्या बायकोचं रेटिंग

आमचा संजय रोह्याला कंपनीत शिफ्टला जातो, पण बोलतो असा की बुद्धिबळ ह्यानेच शोधून काढलं. त्याची बायको, कल्पनावहिनी, नुकतीच मोबाईलवर बुद्धिबळ खेळायला शिकली होती. डाव जिंकला की तिचं रेटिंग जरा वाढायचं, हरला की परत घसरायचं. हा चारचौघांत तिला सुनवायचा, "नवशिक्याचं रेटिंग महिन्याला शंभराने तरी वाढायला पाहिजे. तुला जमणारं नाय हे, सोड." शेवटी तिने खरंच खेळणं सोडलं.

परवा पेणला त्यांच्या घरी गेलो, तर माझ्यासमोरही ह्याचं तेच चालू. वहिनी खाली मान घालून चहा गाळत होती. मला राहवेना. म्हटलं, "संज्या, तुझं रेटिंग किती रे?"

"माझं कशाला?"

"सांग तर."

"मी रेटिंगचे डाव खेळत नाय," तो म्हणाला. "मोबाईलशीच खेळतो. चाल चुकली तर परत घेता येते."

वहिनीने माझ्या हातात कप दिला, मोबाईल उचलला आणि कुणा अनोळखी माणसाशी डाव लावता लावता म्हणाली, "तरीच भावजी, ह्यांचं कधी घसरलं नाय."