हौसाच्या लिंबाला पाणी

ऐका. आणि तो टॉर्च बंद करा आधी, तोंडावर उजेड असला की मला सांगायला सुचत नाही.

आपल्या पडक्या विहिरीच्या वाटेची गोष्ट. दुष्काळाच्या त्या साली टँकरचं पाणी घराला दोन घागरी मिळायचं. त्यातली एक आपल्या गावातली केरा दडवून ठेवायची. दिवसभर खडी फोडायची आणि अंधार पडला की घागर कमरेवर घेऊन माळाकडं निघायची. कशाला? तिची तीन वर्षांची हौसा तिथं पुरली होती ना, तापानं गेलेली. लेकीच्या उशाशी कडुलिंबाचं रोप लावलं होतं. त्याला पाणी.

सासरा म्हणायचा, "सूनबाई, रोज पाजू नको. मुळं वरच्यावर लोळत राहतात. तहान लागली की जातील खाली."

"मामंजी, लेकरू तहानलेलं ठेवू?" केरा म्हणायची. आणि घागर उचलून निघायची.

मग एका रात्री काय झालं, वाटेत घागर हलकी झाली. बघते तर थेंब नाही. भोक नाही, चीर नाही, नुसती कोरडी. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री वाटच सापडेना. चालते, चालते, पुन्हा त्याच बाभळीपाशी. चकवा हो, दुसरं काय. अशा वीस रात्री गेल्या. रोप मेलं असणार म्हणून बाई रडून रडून अर्धी झाली.

मग चिडली. घागर घेऊन अंधारात पळत सुटली. पाय पुढं टाकला तर खाली जमीनच नाही. विहीर! तेवढ्यात मागून कुणीतरी पदर ओढला. गुडघ्याच्या उंचीवरून. केरा मागं पडली, घागर विहिरीत गेली.

वळून बघायची छाती झाली नाही तिची. तशीच चालत राहिली, आणि पदर धरलेलाच.

रोपापाशी पोचली तेव्हा फटफटत होतं. पानं सगळी गळालेली. वाळकं काटूक लेकीच्या उशाशी नको, म्हणून तिनं उपटायला ओढलं. हलेना. माती उकरली. वरची बारीक मुळं वाळली होती, पण एक मूळ सरळ खाली गेलेलं, पोरीच्या कुशीवरून आणखी खाली. केरानं खांद्यापर्यंत हात घातला. माती गार होती, ओलसर.

"बरं बाई, नाही आणत आता," ती म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडली. पदर तेव्हा सुटला.

तर पोरींनो, अंधार पडल्यावर त्या वाटेनं जाऊ नका. केराला जाऊन वीस वर्षं झाली, लिंबाखाली आता गुरं बसतात. हौसा मात्र दिसेल त्या बाईचा पदर धरते. अजून लहानच आहे ती.